लाईट गेली की जुन्या लॅपटॉपचं वायफाय गायब: दुसरा डोंगल मागवण्याआधी हे बघा

जुन्या लॅपटॉपला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय यंत्र, लावला, दोन दिवस वायफाय झकास चाललं आणि तिसऱ्या दिवसापासून तुटायला लागलं. काढून लावला की येतं, थोड्या वेळाने परत जातं. अशा वेळी आपण डोंगललाच शिव्या घालतो आणि दुसरा मागवतो. मीही मागवला. दुसराही दगा देऊ लागला तेव्हा कुठे डोकं चालवायला बसलो. पहिला डोंगल अजून ड्रॉवरमध्ये आहे आणि ठणठणीत आहे.

लॅपटॉप काकांचा, २००९ सालचा, गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या घरातला. नवा घेऊया म्हटलं तर काका ऐकत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. भजनी मंडळाचे शे-दीडशे अभंग आणि गजर त्यांनी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप करून ठेवलेत. ती फाईल नव्या मशीनवर उघडली की पानभर नुसती चिन्हांची खिचडी. तेव्हा लॅपटॉप तोच ठेवून त्याला वायफाय द्यायचं, असं ठरलं. आतलं मूळ कार्ड एका पावसाळ्यात मेलं होतं.

सगळ्यात आधी एक सवय मोडा. वायफाय गेलं की लगेच डोंगल काढून लावू नका. काढून लावलात की पुरावाच पुसला जातो. ‘वायफाय गेलं’ हे एकच वाक्य आपण तीन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो, आणि कुठलं दुखणं आहे ते फक्त तुटलेलं असतानाच दिसतं. म्हणून दोन मिनिटं हात आवरून तीन गोष्टी बघायच्या. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, डोंगलचं नाव आहे का? असेल तर नेटवर्कच्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात का, आणि आपलं दिसतं का? आपलंही दिसत असेल, जोडलेलंही असेल, तर मग फक्त पानं उघडत नाहीत का? पहिल्यात डोंगल गेलेला असतो, दुसऱ्यात नेटवर्क, तिसऱ्यात दोन्ही जागेवर असतात आणि घोळ भलतीकडेच असतो. काकांच्या लॅपटॉपने मला ही तिन्ही दुखणी एकामागून एक दाखवली. एक बरं केलं की दुसरं वर यायचं, म्हणून मला वाटायचं की जुनंच परत आलं.

डोंगल झोपतो

पहिलं दुखणं सोपं आणि सगळ्यात जास्त आढळणारं. दहा-पंधरा मिनिटं काही केलं नाही, किंवा झाकण मिटून उघडलं, की डोंगल गायब. कधी कधी यूएसबी निघाल्याचा ‘टुंग’ आवाजही येतो, हात न लावता. विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबीवरची उपकरणं झोपवतं. जुन्या लॅपटॉपवर झोपवणं नीट जमतं, उठवणं जमत नाही.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली डोंगलच्या नावावर दोनदा क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. बहुतेक जण इथेच थांबतात. पण डोंगल ज्या हबवर, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या भागावर, बसलाय तो हब झोपला तर डोंगल जागा राहून काय करणार? म्हणून खाली यूएसबी कंट्रोलर्सच्या यादीत जेवढे ‘यूएसबी रूट हब’ दिसतील त्या प्रत्येकाची तीच खूण काढा. मग ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, बॅटरीवर आणि चार्जरवर अशा दोन्ही ठिकाणी. ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने घातला की डोंगलसमोरची खूण पुष्कळदा आपोआप परत येते. महिनाभराने दुखणं उलटलं तर आधी तिथेच बघा.

विंडोजऐवजी लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू असेल तर हीच गोष्ट नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगच्या फाईलीत असते. वायफाय पॉवरसेव्हच्या ओळीत ३ दिसेल, तो २ करायचा आणि लॅपटॉप परत चालू करायचा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद.

पोर्टकडेही एकदा बघा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच्या हिशेबाने बनवलेला असतो, आणि पंधरा वर्षं पेन ड्राईव्ह खुपसून सैल झालेला पोर्ट तेवढंही नीट देत नाही. किनाऱ्याला खारी हवा आणि आमच्याकडे कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, ओलावा, त्यामुळे संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट थर बसतो. टॉर्च मारून आत बघितलं तर दिसतो. डोंगल बोटाने हलकेच हलवल्यावर तुटत असेल तर पोर्ट बदला, सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

शेजाऱ्याचं दिसतं, आपलं दिसत नाही

हे दुखणं मला सगळ्यात जास्त नडलं, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या डोंगलवर राग काढून मी तो बाजूला ठेवला होता. मग अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याकडून एक चांगला डोंगल मागवला. तो मेपर्यंत न कुरकुरता चालला. पाऊस सुरू झाला आणि वायफाय कधी चार दिवस नसायचं, कधी आठ दिवस अखंड असायचं. मी फोंड्याहून येऊन काहीबाही करायचो, ते चालू व्हायचं, मी खूश होऊन परत जायचो. काका एकदा म्हणाले, “अरे, तुझं हे वायफाय लाईटवर चालतं काय रे? लाईट जाऊन आली की कधी असतं, कधी नसतं.” मी हसण्यावारी नेलं. लाईट गेली तर राउटर बंद पडणारच, त्यात काय नवल, असं मला वाटलं. पण काका राउटर बंद पडण्याबद्दल बोलतच नव्हते. लाईट आल्यानंतरचं सांगत होते.

आषाढात एकदा मी तिथे असतानाच लाईट गेली. कुठेतरी तारेवर माड पडला होता. अर्ध्या तासाने आली. माझ्या फोनवर घरचं वायफाय पूर्ण काड्यांनिशी आलं. लॅपटॉपवर बघतो तर शेजारच्या दोन घरांची नावं यादीत आहेत आणि आमचं नाही. राउटर वसरीवर, लॅपटॉप त्याच्यापासून तीन हातांवर. शेजाऱ्यांचं दिसतंय म्हणजे डोंगल जिवंत. फोनला आमचं दिसतंय म्हणजे राउटर जिवंत. मग अडतंय कुठे?

फोनमध्ये वायफायचे चॅनल दाखवणारं एक फुकट ॲप टाकलं. आमचं नेटवर्क चॅनल १३ वर बसलं होतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने चॅनलांमध्ये वाटलेला आहे. चॅनल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, १३ चा २४७२ वर. भारतात हा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला आणि इथे १ ते १३ सगळे चॅनल वापरता येतात. अमेरिकेतल्या नियमांमुळे तिकडच्या बाजारासाठी बनलेली उपकरणं साधारणपणे १ ते ११ एवढेच चॅनल ऐकतात. १२ आणि १३ वर कोणी कितीही मोठ्याने बोललं तरी त्यांना पत्ता नसतो. तिथे अडचण दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. नाव यादीत नसतं, एवढंच. जुन्या लॅपटॉपच्या आतल्या कार्डांतही हा प्रकार होता. एकाच मॉडेलची कार्डं वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळी निघायची.

आणि लाईटचा संबंध? राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर असतो. चालू होताना तो आजूबाजूला कान लावतो आणि त्यातल्या त्यात मोकळा चॅनल धरतो. आमच्या वाड्यावर गेल्या काही वर्षांत घरोघरी फायबर आलं. लाईट आली की सगळे राउटर एकाच क्षणी उठतात, एकमेकांचा अंदाज घेतात आणि जो तो मिळेल तिथे बसतो. कधी आमचा ६ वर, कधी १३ वर. पुढची लाईट जाईपर्यंत तोच. काकांनी आधीच सांगितलेलं निदान शब्दशः खरं होतं.

उपाय दोन मिनिटांचा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पानावर चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा. हे तीनच का, तर प्रत्येक चॅनल वीसेक मेगाहर्ट्झ जागा खातो आणि हे तिघे एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. ३ किंवा ९ निवडलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकावा लागतो. चॅनलची रुंदी २० ठेवा, ४० नको. मी ६ ठेवला, सेव्ह केलं आणि अर्ध्या मिनिटात लॅपटॉपच्या यादीत आमचं नाव उगवलं. काका पेटीपाशी बसल्या बसल्या म्हणाले, “मग? मी काय म्हणत होतो?”

राउटरला हात लावता येत नसेल, म्हणजे भाड्याच्या खोलीत वगैरे, तर डोंगलच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये देश किंवा प्रदेश निवडायची सोय आहे का ते बघा. काही ड्रायव्हरमध्ये असते.

‘आपलं नाव दिसत नाही’ किंवा ‘दिसतं पण जोडत नाही’ याची आणखी दोन कारणं मला ओळखीपाळखीच्या घरांत सापडली. एक म्हणजे डोंगल फक्त २.४ चा आणि राउटरवर कोणीतरी ‘जलद चालतं’ म्हणून फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवलेलं. फोनच्या हॉटस्पॉटचंही तेच. तिथे पट्टा २.४ वर आणावा लागतो. दुसरं कारण सुरक्षेचं. नव्या राउटरवर सुरक्षेची पद्धत नुसती डब्ल्यूपीए३ असेल तर जुनं उपकरण पासवर्ड विचारून विचारून दमतं आणि जोडत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र निवड करा. पण जुन्या मशीनच्या सोयीसाठी डब्ल्यूईपी या जुनाट पद्धतीवर मात्र जाऊ नका. ते कुलूप २००१ पासून फुटलेलं आहे, आता कोणीही मिनिटांत उघडतं.

भिंती

आमच्याकडच्या जुन्या घरांत वायफाय देवघरापर्यंत पोचत नाही यात डोंगलची काही चूक नाही. चिऱ्याची दीड हात जाड भिंत, वरून गिलावा, आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. मे महिन्यात माजघरात मिळणारा सिग्नल श्रावणात मिळत नाही, तो याच कारणाने.

इथे सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे यूएसबीची एक मीटर लांब एक्स्टेन्शन वायर. नखाएवढा डोंगल लॅपटॉपच्या कडेला चिकटून बसलेला असतो, आत धातूची चौकट आणि मदरबोर्डचा गोंगाट. वायरीने तो दाराच्या चौकटीपाशी नेऊन टांगला की फरक लगेच दिसतो. काकांचा डोंगल आता माजघराच्या दारावरच्या खिळ्याला लोंबतोय, दिव्याच्या माळेशेजारी. शोभत नाही, पण चालतो.

जोडलेलं आहे, पण पान उघडत नाही

तिसरं दुखणं चतुर्थीच्या आधी उपटलं. सिग्नल पूर्ण, ‘कनेक्टेड’ लिहिलेलं, आणि प्रत्येक साईटवर सुरक्षेचा इशारा. मी राउटर तपासला, डोंगल तपासला, पासवर्ड परत घातला. मग नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. लॅपटॉपच्या मते तारीख होती १ जानेवारी २००९.

जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी एक छोटी गोल बॅटरी असते. ती संपली आणि मुख्य बॅटरीही मेलेली असली, की चार्जर काढताच तारीख मूळपदावर जाते. साईटची प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीची असतात. २००९ साली बसून बघितलं तर आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. तारीख हाताने नीट केली की सगळं सुरळीत, पण कायमचं हवं असेल तर ती बॅटरी बदला. पुष्कळ मशीनमध्ये ती सीआर२०३२ असते, मात्र काही लॅपटॉपमध्ये तिला वायर आणि छोटा प्लग जोडलेला असतो. उघडून बघितल्याशिवाय विकत आणू नका.

तारीख बरोबर असूनही काही साईट उघडतात आणि काही नाही, असं असेल तर ब्राउझर आणि विंडोजचं वय बघा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये वाऱ्यावर सोडलं, विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्ये. ते वायफायचं दुखणं नव्हे.

आतलं कार्ड बदलावं का

मी बदलून बघितलं. साधारण २००५ ते २०१३ दरम्यानच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड असतं, खेळायच्या पत्त्याच्या अर्ध्याहून लहान. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. खालचं झाकण उघडलं की दोन बारीक वायरी कार्डावर बटणासारख्या बसलेल्या दिसतील. त्या अँटेनाच्या, स्क्रीनच्या कडेने वर गेलेल्या. काढण्याआधी फोटो घ्या, कुठली कुठे होती ते नंतर आठवत नाही. वायर धरून ओढू नका. टोकाखाली नख किंवा प्लास्टिकची पट्टी सरकवून सरळ वर उचला. बसवताना कार्डावरच्या बारीक गोल कनेक्टरवर नेमकं टेकवून अंगठ्याने दाबायचं, बारीक ‘टिक’ लागते. ती टिक लागली नाही तर वायर बसलेली नाही, आणि नुसती टेकलेली वायर राउटरच्या शेजारी चालते, दुसऱ्या खोलीत चालत नाही. हे कनेक्टर तीसेक वेळा काढघाल सोसतील एवढेच बनवलेले असतात, तेव्हा खेळ करू नका.

कार्ड तिरक्या कोनात खोचायचं, दाबून स्क्रू. मी सगळं नीट केलं आणि लॅपटॉप सुरूच झाला नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ: हे कार्ड मान्य नाही. बऱ्याच कंपन्यांनी त्या काळात बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादीच घालून ठेवली होती. जुन्या थिंकपॅडवर हाच संदेश १८०२ क्रमांकाने येतो. यादीत नसलेलं कार्ड दिसलं की मशीन पुढे सरकत नाही. म्हणून आधी लॅपटॉपच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मान्य कार्डांचे क्रमांक बघा आणि मगच पैसे घाला. बायोस बदलून यादी उडवणारे उपाय सापडतील. अभंग एकाच मशीनवर असताना मी तो जुगार खेळलो नाही.

दुसरी एक फसगत: कार्ड नवं, बायोस खूश, आणि वायफाय ‘बंद’ दाखवतंय. जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वायफायचा सरकता खटका असतो. हसू नका, मी एका मित्राकडे तासभर ड्रायव्हर घातल्यावर त्याच्या मुलीने तो खटका सरकवून दाखवला.

डोंगल घ्यायचाच असेल तर

खोक्यावरचा वेग बघू नका, आतली चिप बघा. लिनक्स वापरत असाल तर एथेरॉसची एआर९२७१, रालिंकची आरटी५३७० किंवा मीडियाटेकची एमटी७६०१यू यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहेत, लावा आणि वापरा. खोकं आणि नाव तेच असूनही आतली चिप बदललेली असते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. डोंगलवर बारीक अक्षरांत छापलेला आवृत्तीचा आकडा वाचून घ्या. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी म्हणून दिसतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. लिनक्सवर ती सीडी ‘इजेक्ट’ केली की आतून वायफाय बाहेर येतं.

लॅपटॉप अगदीच पुरातन असेल, यूएसबी १.१ चा किंवा एक्सपीवर अडकलेला, तर माझ्या मते डोंगलच्या भानगडीत पडूच नये. त्याला लॅनचं भोक सहसा असतं. एक जुना छोटा राउटर घ्या, तो ‘क्लायंट’ मोडमध्ये घरच्या वायफायला जोडा आणि लॅनच्या वायरीने लॅपटॉपला. ड्रायव्हर नाही, डब्ल्यूपीएची कटकट नाही, लॅपटॉपला वाटतं वायरीचं इंटरनेट आहे. आणि तात्पुरतं आज संध्याकाळी काम भागवायचं असेल, तर अँड्रॉइड फोन वायरीने लावून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोन वायफायवर असला तर तेच वायफाय पुढे देतो. विंडोज ७ पासून पुढे सहसा आपोआप ओळखलं जातं.

काकांच्या राउटरखाली मी कागद चिकटवलाय: ‘चॅनल ६. ऑटो करू नये.’ मागच्या महिन्यात राउटर बदलायला आलेल्या मुलाने नवा बसवला, जुना नेला, त्याच्याबरोबर कागदही गेला. दोन दिवसांनी फोन आला, लाईट जाऊन आल्यापासून वायफाय नाही म्हणून. मी विचारलं, “शेजाऱ्यांचं दिसतं का?” काका म्हणाले, “दिसतं. आपलं नाही.” मी फोनवरच त्यांना राउटरचा पत्ता वाचून दाखवला.